सतरा वर्षांचा सिकाडा: जागा, वर्ष आणि रात्र कशी गाठावी

२००७ च्या मे महिन्यात शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांत सिकाडांची एवढी चर्चा होती की आम्ही घरातली सगळी मंडळी रोज संध्याकाळी परसात खुर्च्या टाकून त्यांची वाट पाहत बसत होतो. आमच्या परसात एकही सिकाडा आला नाही. गाडीने दहा मिनिटांवर, जुन्या ओक वृक्षांच्या वस्तीत, त्याच दिवसांत शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येणार नाही असा आवाज चालला होता, आणि हे आम्हाला कळेपर्यंत जून संपत आला होता. कारण साधे होते. आमची वसाहत उभी होती त्या जमिनीवर काही वर्षांपूर्वीपर्यंत मक्याचे पीक घेतले जात होते, आणि सतरा वर्षे झाडाच्या मुळांना धरून जगणाऱ्या कीटकाला तिथे धरायला मूळच नव्हते. हुकलेली संधी पुन्हा यायला २०२४ उजाडावे लागले. त्या वेळी मात्र जागा, वर्ष आणि रात्र या तिन्ही गोष्टींची आधीपासून तयारी केली होती. ती तयारी कशी करायची हेच या लेखात क्रमाने सांगितले आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील अर्ध्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो थेट उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

आधी कीटकाची ओळख

सिकाडा हा टोळ नव्हे आणि रातकिडाही नव्हे. टोळ पाने कुरतडतो. सिकाडाला कुरतडणारे तोंडच नसते. तो मावा आणि तुडतुडे यांच्या गणातला, सोंडेने झाडाचा रस ओढणारा कीटक आहे. रातकिडा पंखावर पंख घासून आवाज करतो, तर सिकाडाचा नर पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेले ताणलेले, कंगोरेदार पडदे स्नायूंनी आत-बाहेर करून आवाज काढतो. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, सह्याद्रीतल्या झाडांवरून भर दिवसा जो एकसुरी कर्कश आवाज कानावर येतो तो बहुधा सिकाडांचाच असतो, जरी बोलताना आपण सगळ्यांनाच रातकिडे म्हणून मोकळे होत असलो तरी. आपल्याकडचे हे सिकाडा दरवर्षी येतात. अमेरिकेतही दरवर्षी येणारे सिकाडा आहेत. ते हिरवट, आकाराने मोठे आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारे असतात. आपल्याला पाहायचे आहेत ते मॅजिसिकाडा या प्रजातीचे. काळे शरीर, लाल डोळे, पंखांवर नारिंगी शिरा आणि मे-जूनमध्ये दर्शन, एवढ्या खुणांवरून ते चटकन ओळखता येतात. त्यांच्या सात जाती आहेत. तीन जातींना वाढ पूर्ण करायला १७ वर्षे लागतात, चार जातींना १३. सातही जाती फक्त उत्तर अमेरिकेत, तिच्या पूर्वेकडील भागातच आढळतात.

सतरा वर्षांत जमिनीखाली काय चालते हे ठाऊक असले तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे कारण आपोआप कळते. मादी पेन्सिलच्या जाडीच्या फांद्यांना चिरा पाडून त्यांत अंडी घालते. सहा ते दहा आठवड्यांनी अंड्यांतून मुंगीएवढी, सुमारे दोन मिलिमीटर लांबीची पांढुरकी पिल्ले निघतात, फांदीवरून खाली पडतात आणि मातीच्या भेगांतून आत शिरतात. सुरुवातीला ती गवताच्या बारीक मुळांवर जगतात, मग झाडाच्या मुळांकडे सरकतात. मुळांच्या प्रकाष्ठातून वर चढणारा जो रस ती पितात तो जवळजवळ पाणीच असतो, आणि एवढ्या निकस अन्नावर वाढ होते म्हणून ती सावकाश होते. रसात नसलेली काही आवश्यक द्रव्ये तर त्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करून देतात. जमिनीखाली चार वेळा कात टाकून पिल्लू पाचव्या अवस्थेत येते. या सगळ्या काळात ते झोपलेले नसते. ते खात असते, बोगदे खणत असते, आणि वर्षे मोजत असते.

वर्षे मोजते हे अलंकारिक बोलणे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील रिचर्ड कार्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ वर्षांची पिल्ले जमिनीतून काढून अशा पीच झाडांच्या मुळांशी ठेवली, की ज्यांना एका वर्षात दोनदा बहर यावा अशी व्यवस्था केली होती. ती पिल्ले एक वर्ष आधीच बाहेर आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून असे दिसते की पिल्लू काळ मोजते तो झाडाच्या हंगामी फेऱ्यांवरून, म्हणजे पालवीच्या वेळी मुळांतल्या रसात होणाऱ्या बदलांवरून. तो हिशेब ठेवणारी यंत्रणा शरीरात नेमकी कुठे आहे हे कोडे अजून सुटलेले नाही, आणि १३ व १७ या मूळ संख्याच का, याची जी गणिती स्पष्टीकरणे सांगितली जातात ती आकर्षक असली तरी सिद्ध झालेली नाहीत.

पहिली पायरी: आपल्या भागाची तुकडी आणि वर्ष शोधणे

एकाच वर्षी बाहेर येणाऱ्या समुदायाला इंग्रजीत ब्रूड म्हणतात. आपण त्याला तुकडी म्हणू. चार्ल्स मार्लाट या कीटकशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात या तुकड्यांना रोमन क्रमांक दिले आणि तेच आजही चालू आहेत. १ ते १७ हे क्रमांक सतरा वर्षांच्या तुकड्यांचे आणि १८ ते ३० हे तेरा वर्षांच्या तुकड्यांचे. प्रत्यक्षात आज १५ तुकड्या उरल्या आहेत: सतरा वर्षांच्या १२ आणि तेरा वर्षांच्या ३.

पुढच्या काही वर्षांचे वेळापत्रक असे आहे. २०२५ मध्ये तुकडी क्रमांक १४ येऊन गेली. प्लिमथच्या इंग्रज वसाहतकऱ्यांनी १६३४ मध्ये जी पाहिली ती हीच. २०२६ हे वर्ष मोकळे आहे, आणि ते मोकळे का आहे हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे: ते तेरा वर्षांच्या २१ व्या तुकडीचे वर्ष आहे, आणि ती तुकडी १८७० नंतर कोणालाही दिसलेली नाही. २०२७ मध्ये लुईझियाना व मिसिसिपीत २२ वी तुकडी येईल, २०२८ मध्ये मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात २३ वी, २०२९ मध्ये व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात पहिली. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी २०३० हे वर्ष लिहून ठेवावे, कारण त्या वर्षी दुसरी तुकडी न्यू जर्सी, हडसन नदीचे खोरे आणि व्हर्जिनिया या पट्ट्यात बाहेर पडेल. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, प्रिन्स्टन, सिनसिनाटी आणि इंडियाना यांची दहावी तुकडी २०२१ मध्ये येऊन गेली. ती पुन्हा २०३८ मध्ये येईल. दक्षिणेकडील राज्यांत दूरवर पसरलेली १९ वी तुकडी २०३७ मध्ये, आणि शिकागो परिसराची १३ वी २०४१ मध्ये.

या शेवटच्या दोन तुकड्या २०२४ मध्ये एकाच वसंतात आल्या. १३ आणि १७ यांचा गुणाकार २२१, म्हणून असा योग २२१ वर्षांनी येतो: आधीचा १८०३ मध्ये होता, पुढचा २२४५ मध्ये आहे. मात्र दोन्ही तुकड्यांच्या हद्दी इलिनॉयमध्ये स्प्रिंगफिल्डच्या आसपास जेमतेम एकमेकींना भिडतात. त्यामुळे दोघींचे कीटक एकाच झाडावर पाहण्यासाठी लांबचा प्रवास करावा असे माझे मत नाही. एक तुकडी नीट पाहणे पुरेसे आहे.

एक सावधगिरी बाळगावी. काही सिकाडा चार वर्षे लवकर किंवा एक वर्ष मागेपुढे येतात. २०१७ मध्ये दहाव्या तुकडीतले असे कितीतरी कीटक वॉशिंग्टन आणि सिनसिनाटीच्या भागात बाहेर आले आणि पक्ष्यांच्या तोंडी पडले. थोडेसे सिकाडा दिसले म्हणून ते त्या भागाचे वर्ष असे समजू नये.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे. मेघालयातल्या री भोई जिल्ह्यात सैदेन गावाजवळ न्यांगतासेर नावाचा सिकाडा दर चार वर्षांनी मे महिन्यात मोठ्या संख्येने बाहेर येतो. क्रेमिस्टिका रिभोई असे त्याचे शास्त्रीय नाव २०१३ मध्ये ठरले. फुटबॉलच्या विश्वचषकाचे वर्ष आणि त्याचे वर्ष एकच असल्यामुळे, म्हणजे २०१४, २०१८, २०२२, २०२६ असे, ते लक्षात ठेवणे सोपे जाते. स्थानिक लोक रात्री ते गोळा करतात आणि खातात, त्यामुळे तिथे जायचे झाल्यास गावकऱ्यांना विचारूनच जावे.

दुसरी पायरी: जागा

वर्ष चुकले तर पुढचे वर्ष निदान सांगता येते. जागा चुकली तर समोर काहीच दिसत नाही आणि का दिसत नाही हेही कळत नाही. नियम एकच आहे. मागच्या खेपेला जिथे झाडे होती आणि तेव्हापासून जिथली माती कोणी खणून उलथवली नाही, तिथेच सिकाडा असतात. पिल्ले एका जागी पडतात, त्याच जागी सतरा वर्षे राहतात, आणि मोठे झालेले कीटकही फारसे लांब उडत नाहीत. त्यामुळे दोन चौकांपलीकडे लाखो आणि आपल्या दारात एकही नाही असे सर्रास घडते.

घर कधी बांधले हे पाहण्यापेक्षा समोरच्या झाडांचे वय पाहावे. जुनी वस्ती, जुने दफनस्थान, शिकागोच्या भागात असाल तर फॉरेस्ट प्रिझर्व्ह म्हणजे राखीव वने, नदीकाठची झाडी आणि जंगलाच्या कडा या खात्रीच्या जागा आहेत. दाट रानाच्या मध्यभागापेक्षा उन्हाची कड त्यांना जास्त आवडते. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेले नकाशे आणि सिनसिनाटीच्या माउंट सेंट जोसेफ विद्यापीठातील जीन क्रिट्स्की यांनी काढलेले सिकाडा सफारी हे ॲप या कामी उपयोगी पडते, पण सर्वांत चांगली माहिती मिळते ती तीस-चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या शेजाऱ्यांकडून. त्यांना फक्त एवढे विचारावे की मागच्या खेपेला तुमच्या अंगणात झाले होते का. ते लगेच सांगतात, आणि कोणत्या झाडाखाली तेही सांगतात.

जागेचा हा नियम किती कठोर आहे ते कनेक्टिकटच्या ११ व्या तुकडीने दाखवले आहे. ती १९५४ मध्ये शेवटची दिसली आणि त्यानंतर आलीच नाही. झाडे कापून जमीन उपटली की तिथली तुकडी संपते, आणि दुसरीकडून येऊन ती जागा भरून काढणारे कोणी नसते.

तिसरी पायरी: जमीन वाचणे

एप्रिलपासून निवडलेल्या झाडाखाली दर दोन-तीन दिवसांनी चक्कर मारावी. पालापाचोळा हाताने बाजूला केला की करंगळी जाईल अशी, साधारण सव्वा सेंटिमीटर व्यासाची, अगदी गोल आणि कडा गुळगुळीत असलेली छिद्रे दिसू लागतात. पिल्ले कित्येक आठवडे आधीच वरपर्यंत बोगदा खणून तोंडाशी थांबलेली असतात. जिथे माती ओली आणि चिकट असते तिथे ती छिद्रावर मातीचे छोटे धुराडे उभारतात. ओल्या मातीच्या गोळ्या एकावर एक थापून केलेले, काही सेंटिमीटर उंचीचे. एक धुराडे पाहायला मिळाले तरी ते न मोडता सोडून द्यावे, कारण आतला कारागीर अजून कामावर असतो.

त्यानंतर मातीचे तापमान मोजायला सुरुवात करावी. स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा तापमापक चालतो, फक्त तो सुमारे २० सेंटिमीटर खोल जायला हवा. त्या खोलीवर तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ६४ अंश फॅरनहाइटला पोहोचले, आणि त्यावर एखादी कोमट पावसाची सर येऊन गेली, की त्या किंवा पुढच्या एक-दोन रात्री पिल्ले बाहेर पडतात. दक्षिणेत हे एप्रिलअखेर घडते, शिकागोकडे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. उन्हातली जमीन आधी तापते, म्हणून एकाच अंगणात दक्षिणेकडचे झाड आधी आणि इमारतीच्या सावलीतले आठवड्याने, असा फरक पडतो. एक झाड हुकले तर निराश होऊ नये. दुसरे बाकी असते.

चौथी पायरी: ती रात्र

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने झाडाखाली जावे. लाल कागद लावलेला टॉर्च, अंथरायला जुनी चादर आणि भरपूर वेळ एवढे सामान पुरे. पाय ठेवताना आधी जमीन पाहून मगच ठेवावा, कारण गवतातून तपकिरी पिल्ले चहूबाजूंनी बुंध्याकडे चालत असतात. कान देऊन ऐकले तर वाळक्या पानांवर हलका पाऊस पडावा तसा त्यांच्या पायांचा आवाज येतो. २०२४ मध्ये हा आवाज प्रथम ऐकला तेव्हा मी खरोखरच हात पुढे करून थेंब पडतात का पाहिले होते.

एकच पिल्लू निवडावे आणि शेवटपर्यंत त्याच्यापाशी बसावे. मी निवडलेले पिल्लू ओकच्या सालीवर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबले. पुढचे दोन पाय कोळशाच्या चिमट्यासारखे जाड, त्यांवर अजून ओली माती. त्याने नख्या सालीत रोवल्या, दोनतीनदा अंग हलवून पकड तपासली आणि मग ते निश्चल झाले. काही वेळाने पाठीवर मधोमध एक बारीक उभी रेघ उमटली, ती रुंदावली आणि तिच्यातून साय धरलेल्या दुधासारखा पांढरा फुगवटा वर येऊ लागला. डोके बाहेर आले, त्यावर दोन लाल डोळे आणि डोक्याच्या मागे दोन काळे ठिपके. कीटक मागे झुकत झुकत जवळजवळ उलटा लोंबला, फक्त शेपटाचे टोक कातीत अडकलेले. अशा अवस्थेत तो बराच वेळ थांबतो, कारण पाय घट्ट व्हायचे असतात. मग एका झटक्यात वर उचलला जाऊन तो आपलीच रिकामी कात धरतो आणि शेपूट सोडवून घेतो. पंख त्या वेळी चुरगळलेल्या ओल्या कागदाच्या दोन बोळ्यांसारखे असतात. पाहता पाहता ते भरतात, उलगडतात आणि पाठीवर मिटतात. हा सगळा प्रकार साधारण तासाभराचा आहे. सकाळपर्यंत पांढरा रंग जाऊन कीटक काळा झालेला असतो. रिकाम्या कातीच्या चिरेतून आत पाहिले तर पांढरे दोरे लोंबताना दिसतात. ती श्वासनलिकांची अस्तरे होत. कीटक कात टाकतो तेव्हा श्वासाच्या नळ्यांचे अस्तरही सोडून जातो.

या तासात कीटकाला हात लावू नये आणि फ्लॅशचा झोत सारखा पाडू नये. पंख उलगडत असताना धक्का लागला तर ते वाकडे वाळतात आणि तो कीटक कधीच उडू शकत नाही. मुलांना हे आधी समजावून सांगितले की ती आश्चर्य वाटेल इतकी शांत बसतात.

पाचवी पायरी: आवाज आणि गर्दी

नवे कीटक चार ते सहा दिवस पानांआड गप्प असतात, कारण शरीर कठीण व्हायचे असते. मग एका उन्हाच्या सकाळी नर गाऊ लागतात आणि दोनच दिवसांत झाडेच्या झाडे घुमू लागतात. दाट वस्तीत हा आवाज १०० डेसिबलपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून तान्ह्या बाळाला भर दुपारी त्या झाडाखाली फार वेळ नेऊ नये.

आवाजावरून जाती वेगळ्या करता येतात, आणि यात मोठी गोडी आहे. सतरा वर्षांच्या तीन जातींपैकी सेप्टेंडेसिमचा सूर खालच्या पट्टीत लांबवर चालतो आणि शेवटी घसरतो. दुरून ऐकताना एखादे यंत्र अखंड घुमत असल्यासारखे वाटते. कॅसिनीचा नर आधी टिकटिक करतो आणि मग तीव्र, सळसळता चित्कार काढतो. सेप्टेंडेक्युलाची नुसतीच लयबद्ध टिकटिक असते. खात्री करायची तर कीटक हळूच उचलून पोटाची खालची बाजू पाहावी: सेप्टेंडेसिमवर रुंद नारिंगी पट्टे, सेप्टेंडेक्युलावर बारीक नारिंगी रेघा, आणि कॅसिनीचे पोट काळेभोर. सिकाडा चावत नाही, डंख मारत नाही. हातात धरल्यावर नर फक्त जोरात ओरडतो. मादी गात नाही. आवडलेल्या नराच्या सुरानंतर ठरावीक क्षणी ती पंखांची एक चुटकी वाजवते, आणि नर त्या दिशेने सरकतो. बोटांनी अगदी त्याच क्षणी चुटकी वाजवली तर नर आपल्याकडेही वळतो. थोड्या सरावाने हे साधते. गवत कापण्याचे यंत्र किंवा करवत चालू केली की सिकाडा तिच्याकडे ओढले जातात, म्हणून ती कामे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उरकावीत.

या गर्दीचे प्रयोजन काय, हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधील हेन्री डायबास आणि ड्वाइट डेव्हिस यांच्या मोजणीवरून समजते. त्यांनी १९५६ मध्ये शिकागोजवळच्या रानात छिद्रे मोजली आणि नदीकाठच्या सखल भागात एकरी सुमारे १५ लाख कीटकांचा अंदाज काढला. सिकाडा पळत नाही, लपत नाही, विषारी नाही. पक्षी, खारी, कासवे, कुत्री, सगळी पोट फुटेस्तोवर खातात आणि तरीही बहुतेक कीटक शिल्लक राहतात. संख्या हेच त्यांचे एकमेव संरक्षण आहे, आणि म्हणूनच चार वर्षे आधी आलेल्या तुरळक कीटकांची संतती सहसा टिकत नाही. घरच्या कुत्र्याला मात्र आवरावे. फार खाल्ले तर त्याला उलट्या होतात. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्या माणसांनी सिकाडा खाऊन पाहू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला होता.

पाहताना काही नरांच्या पोटाचा मागचा भाग गळून पडलेला आणि तिथे खडूच्या भुकटीसारखा पांढरा गोळा दिसतो. ही मॅसोस्पोरा नावाची बुरशी आहे. तिच्यात कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य सापडले आहे. अर्धे पोट गेलेला नर उडत राहतो, समागमाचा प्रयत्न करत राहतो, आणि कधी कधी मादीसारखी पंखांची चुटकी वाजवून दुसऱ्या नरांना जवळ बोलावतो. त्यातून बुरशी पसरते. माणसाला तिच्यापासून धोका नाही, पण हा प्रकार पाहून मन हेलावते.

सहावी पायरी: लहान झाडे सांभाळणे

मोठ्या झाडांची काळजी करण्याचे कारण नाही. अंडी घातलेल्या फांद्यांची टोके जुलैत तपकिरी होऊन लोंबतात आणि काही मोडून पडतात, पण पुढच्या वर्षी झाड पूर्ववत होते. धोका असतो तो दोन-तीन वर्षांच्या रोपांना, विशेषतः सफरचंद, चेरी, पीच, ओक आणि मेपल यांना, कारण त्यांची सगळीच फांदी पेन्सिलच्या जाडीची असते. सिकाडांच्या आदल्या शरदात किंवा त्या वसंतात नवे झाड लावूच नये. एक वर्ष थांबावे.

आधीच लावलेले असेल तर नराचा पहिला सूर ऐकू येताच जाळी घालावी. अंडी घालणे त्यानंतर काही दिवसांनी सुरू होते, तेवढा वेळ पुरतो. जाळीची छिद्रे एक सेंटिमीटरपेक्षा लहान हवीत, सहा मिलिमीटरची असली तर उत्तम. पक्ष्यांसाठी मिळणारी मोठ्या छिद्रांची जाळी मी एका चेरीला गुंडाळली होती; तिच्यातून सिकाडा सहज आत गेले, एक लहान पक्षी मात्र अडकला आणि तो सोडवताना जाळी कापावी लागली. तेव्हापासून मी कापडाच्या दुकानात मिळणारे पातळ जाळीदार ट्यूल वापरतो. शेंड्यापासून खालपर्यंत ते ओढून बुंध्याभोवती दोरीने घट्ट बांधावे, नाहीतर खालून चढणारे कीटक आतच कोंडले जातात. जूनअखेर आवाज थांबला की ते काढून टाकावे.

कीटकनाशक मारू नये. एका झाडावरचे मेले तर शेजारून नवे येतात, आणि विष लागलेले सिकाडा खाऊन पक्षी मरू शकतात. जमिनीवर साचलेल्या मृत कीटकांचा काही दिवस वास येतो. ते झाडाखालीच पसरावेत किंवा खताच्या ढिगात टाकावेत. पर्यावरणशास्त्रज्ञ लुई यांग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मृत सिकाडांमुळे जंगलाच्या मातीतील पोषक द्रव्ये वाढल्याचे दिसून आले आहे.

सातवी पायरी: आवाज थांबल्यानंतर

बहुतेक लोक इथे पाहणे सोडून देतात. खरे म्हणजे पुढच्या सतरा वर्षांची सुरुवात या आठवड्यांत होते. लोंबलेली एखादी फांदी खाली वाकवून पाहावी. तिच्यावर शिवणाच्या टाक्यांसारख्या ओळीत चिरा असतात, आणि धारदार चाकूने एक चीर हळूच उघडली तर आत तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी दोन रांगांत तिरपी लावलेली दिसतात. एक मादी अशा अनेक चिरा पाडून एकूण ४०० ते ६०० अंडी घालते. एक चीर पाहून झाली की बाकीच्या तशाच राहू द्याव्यात. पडलेल्या फांद्या लगेच उचलून कचऱ्यात टाकू नयेत; ऑगस्टपर्यंत त्या झाडाखाली राहिल्या तर त्यांतली पिल्ले मातीत उतरू शकतात.

याच दिवसांत एक त्रास होऊ शकतो. सिकाडांच्या अंड्यांवर जगणारे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव झाडांवरून खाली पडतात आणि त्यांच्या चाव्याने मानेवर, खांद्यांवर प्रचंड खाज सुटते. शिकागोकडे २००७ आणि २०२४ या दोन्ही वर्षी हे घडले. झाडाखाली काम करायचे असेल तर लांब बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरात आल्याबरोबर आंघोळ करावी.

आठवी पायरी: नोंद

बेंजामिन बॅनेकर हा मेरिलँडमधला आफ्रिकी वंशाचा शेतकरी आणि खगोलाचा अभ्यासक. १७४९ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने दहावी तुकडी पहिल्यांदा पाहिली. हे टोळ पिके खाऊन टाकतील असे वाटून त्याने त्यांना मारायचा प्रयत्न केला आणि मग ते व्यर्थ आहे हे ओळखून सोडून दिला. १७६६ आणि १७८३ मध्ये त्याने ती पुन्हा पाहिली आणि १८०० मध्ये ती येईल असे लिहून ठेवले. त्यांचा मागचा भाग झडून जातो तरी ते मरेपर्यंत गात राहतात हेही त्याने टिपले, बुरशीचे नाव कोणाला माहीत नसताना. एका माणसाच्या वहीतून मिळालेली ही माहिती आहे, आणि आपल्यालाही तशीच वही ठेवता येते.

वहीत फार काही लागत नाही. झाडाची जात, बुंध्याचा घेर, जागेची खूण, पहिली छिद्रे दिसल्याची तारीख, मातीचे तापमान, पहिली रात्र, पहिला सूर, शेवटचा सूर, आणि फांद्या लोंबल्याची तारीख. एका चौरस मीटरची चौकट आखून तिच्यातली छिद्रे मोजली तर पुढच्या खेपेशी तुलना करता येते. त्या वेळी आपण त्या घरात नसू अशी शक्यता असते, म्हणून एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवावी आणि एक मुलांकडे द्यावी.

माझ्या वहीत २०२४ च्या पानावर एका ओकची जागा, त्याच्या पूर्वेकडच्या चौकटीत मोजलेली ४३ छिद्रे, आणि खाली २०४१ हा आकडा आहे. काही कीटक चार वर्षे लवकर येतात हे लक्षात घेऊन त्याच्या वर बारीक अक्षरात २०३७ लिहिले आहे. त्या मे महिन्यातही संध्याकाळी एकदा जाऊन पाचोळा बाजूला करून पाहायचा आहे.